तब्येत जास्त आहे

मांडव्याच्या जेट्टीला रो-रो बोट लागली, गाड्यांच्या आधी पायी माणसं उतरू लागली, आणि त्या माणसांत लिदियाबाई हसत येताना दिसल्या तेव्हा कल्पिता घरत दोन पावलं मागं सरली. लांबचा प्रवास करून पोचलेली बाई आता सगळं मार्गी लागणार या भरवशानं हसते, तसलं ते हसू होतं. खांद्यावर एक पिशवी, हातात दुसरी. हातातल्या पिशवीतून पुरुषी सपातांची नवी कोरी टोकं बाहेर आली होती. ज्याच्यासाठी त्या सपाता आणल्या होत्या तो त्यांचा मुलगा आर्त्योम अलिबागच्या सरकारी दवाखान्याच्या शवागारात होता. आज शुक्रवार, आणि तो गेला त्याला शनिवार धरून सातवा दिवस. जेट्टीवरच्या रिक्षावाल्यांनाही ते ठाऊक होतं. फक्त त्याच्या आईला ठाऊक नव्हतं, आणि हा घोळ दुसऱ्या कोणी नाही, कल्पितानंच घातला होता, तोही शुद्ध रशियनमधून.

घोळ समजायचा तर आधी कल्पिता समजली पाहिजे. पोयनाडच्या पुढे, खाडीच्या अंगाला तिचं गाव. आजोबांचा जन्म मिठागरात गेला, बाप हिरामण बंदरावरून कंटेनरचा ट्रेलर चालवतो, आणि आई क्रांती घरची दोन एकर भातशेती एकटीच्या हिमतीवर ओढते. मोर्च्याच्या दिवशी जन्मली म्हणून तिच्या बापानं तिचं नाव क्रांती ठेवलं होतं, आणि घरात तिचाच शब्द चालतो. पोरीनं बी. ए. झाल्यावर बी. एड. करावं असं तिचं ठरलेलं होतं. पोरीनं केलं भलतंच.

विद्यापीठात जर्मनच्या टेबलापुढे रांग जिन्यापर्यंत गेली होती, कारण जर्मन आलं की नोकरी लागते अशी त्या साली हवा होती. रशियनच्या टेबलामागे कारकून पेंगत बसले होते. त्यांनी हिच्याकडे, हिच्या पायातल्या चपलांकडे बघून विचारलं, वाट चुकलीस का? कल्पिताला असा राग आला की तिनं उभ्या उभ्या फॉर्म भरून त्यांच्या पुढ्यात ठेवला. रागाच्या भरात केलेली कामं माणसं आठवडाभरात सोडून देतात. हिनं चार वर्षं सोडलं नाही. सर्टिफिकेट झालं, डिप्लोमा झाला, त्याच्या वरचा डिप्लोमा झाला, आणि आता एम. ए.चं दुसरं वर्ष चालू होतं. वर्गात मुलं चार, त्यातला एक नोकरी सांभाळून येणारा, म्हणजे न येणारा.

हिरामणला पोरीच्या भाषेचं कोण कौतुक. बंदरावर चहाच्या टपरीवर बसून तो तिला फोन लावायचा आणि म्हणायचा, आपले लोक बसलेत, जरा रशियन बोल. मग कल्पिता हॉस्टेलच्या गॅलरीत उभी राहून धड्यातलं एखादं वाक्य म्हणायची: माझ्या बहिणीकडे पांढरं मांजर आहे. टपरीवर टाळ्या पडायच्या. क्रांती मात्र टाळ्या वाजवणाऱ्यातली नव्हती. आता जावई काय रशियातून आणायचा, एवढंच ती विचारायची.

एम. ए.ला भाषाविज्ञानाचा एक पेपर होता. तो नेत्रा मॅडम शिकवायच्या आणि कल्पिताचा तो सगळ्यांत लाडका. वाक्याचा अर्थ नुसत्या शब्दांत नसतो, बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात जो रिवाज चालत आलेला असतो त्यात असतो, असं तिनं एका चाचणीत पानभर लिहिलं होतं आणि वीसपैकी सतरा मार्क मिळवले होते. ती उत्तरपत्रिका तिनं जपून ठेवली होती. शहाणपणाचे मार्क असे आधी मिळतात आणि परीक्षा नंतर होते, हे तिला तेव्हा कोण सांगणार?

परीक्षा झाली फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी. कल्पिता सुट्टीला घरी आली होती आणि आईबरोबर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. इतक्यात प्रणयचा फोन आला. प्रणय तिचा मावसभाऊ, जहाजांच्या एका एजंटाकडे कामाला. खाडीच्या तोंडाशी बार्ज ओढणाऱ्या एका टगवर रशियन खलाशी होते. त्यातला एक पोरगा जबर जखमी झाला होता आणि त्याला अलिबागला आणलं होतं. कॅप्टनचं इंग्रजी पोलिसांना कळेना आणि पोलिसांचं कॅप्टनला. तू ये, गाडी पाठवतो, असं प्रणय म्हणाला.

कल्पिता पोचली तेव्हा सव्वाअकरा वाजले होते आणि पोरगा अकराला गेला होता. सव्वीस वर्षांचा, आस्त्राखान नावाच्या नदीकाठच्या गावचा. ताण आलेला जाड दोर तुटून छातीवर बसला होता. कल्पितानं कॅप्टनचा जबाब हवालदाराला सांगितला, हवालदाराचे प्रश्न कॅप्टनला विचारले. दोराला रशियनमध्ये काय म्हणतात ते तिला येत होतं. तुटलेल्या दोरानं माणूस कसा मरतो, हे कुठल्याच धड्यात नव्हतं. कधी हातवारे करून, कधी कागदावर चित्र काढून तिनं ते निभावलं. खऱ्याखुऱ्या रशियन माणसाशी ती आयुष्यात पहिल्यांदा इतकं बोलत होती, आणि ते हे होतं.

जबाब संपत आला तेव्हा टेबलावर ठेवलेला त्या पोराचा फोन वाजू लागला. बंद झाला, परत वाजला. पडद्यावर त्याच्या आईचं नाव होतं. कॅप्टननं तोंड फिरवलं. कागदोपत्री जवळचं माणूस म्हणून आर्त्योमच्या बायकोचं नाव होतं, कंपनी तिलाच कळवणार होती. ती दोन वर्षांपूर्वी त्याला सोडून गेली होती आणि सासूचं तोंडही बघत नव्हती, हे त्या खोलीत कोणाला माहीत असणार? फोन तिसऱ्यांदा वाजला. प्रणय म्हणाला, तूच बोल, बाईमाणसाशी बाईमाणसानं बोललेलं बरं. हवालदारानं मान डोलावली. कल्पितानं फोन उचलला.

"तुमच्या मुलाची तब्येत फार जास्त आहे," ती म्हणाली. "अलिबागच्या दवाखान्यात आहे. तुम्ही ताबडतोब निघून या."

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग बाईंनी गावाचं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं, तुझा नंबर दे म्हणाल्या, आणि येते म्हणाल्या. त्या शांततेत कल्पितानं तेच ऐकलं जे आपल्यातलं कोणीही ऐकेल. बाईंना कळलं, असं तिला वाटलं. तिचं मन हलकं झालं.

कारण आपल्याकडे मेल्याची बातमी मेला म्हणून कोणी देत नाही. मुंबईला कामावर असलेल्या मुलाला गावाहून फोन जातो, आबांची तब्येत जास्त हाय, निघ. तो समजायचं ते समजतो. साहेबाला सांगून तेरा दिवसांची रजा टाकतो, बायकोला पोरांचे कपडे भरायला सांगतो, आणि वाटेत पेणला गाडी थांबली की फोन करून विचारतो, आता कसं हाय? इकडून सांगतात, डॉक्टर बघतायत, तू ये. विचारणाऱ्याला माहीत असतं आणि सांगणाऱ्याला माहीत असतं की त्याला माहीत आहे. गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधताना दिसले की मग तो हंबरडा फोडतो आणि चार माणसं त्याला धरतात. यात कोणी कोणाला फसवत नाही. माणसानं रस्त्यात, परक्या लोकांत, एकट्यानं कोसळू नये, कोसळायचं तर आपल्या माणसाच्या अंगावर, एवढाच त्यात हेतू. कल्पिता हे शिकली नव्हती. श्वास घ्यावा तसं तिला ते येत होतं, म्हणूनच तर घात झाला.

संध्याकाळी तिनं घरी सगळं सांगितलं. "बरोबर केलंस पोरी," हिरामण म्हणाला, "फोनवर कोन सांगतं मेला म्हनून?" क्रांतीनं, जी पोरीचं सहसा कौतुक करत नाही तिनं, ताटात भाकरी वाढताना तिच्या पाठीवर हात ठेवला. शेजारची येसूबाई येऊन ऐकून गेली. कोणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.

रविवारी लिदियाबाईंचा मेसेज आला. आर्त्योमचा रक्तगट काय आहे ते त्यांनी लिहिलं होतं, लागलं तर सांगा म्हणून. सोमवारी त्यांनी कळवलं की त्याला पेनिसिलिन चालत नाही, लहानपणी अंगावर गांधी उठल्या होत्या. मंगळवारी विचारलं, तो काही खातो का? कल्पिता प्रत्येक मेसेज वाचून डोळे पुसायची. माणसं विचारतातच असं, तिला वाटायचं. येसूबाईनं नव्हतं का नवरा गेल्यावर गाडीतून फोन करून विचारलं, त्यांना पेज दिली का? मग कल्पिता रिवाजाप्रमाणे उत्तर द्यायची. डॉक्टर बघतायत. तुम्ही या. प्रणयनं बाईंचा नंबर कंपनीला कळवला होता, पण कंपनीनं त्यांना पाठवलेलं पत्र इंग्रजीत होतं. त्यात मुलाच्या संदर्भातील औपचारिकता असं काहीबाही लिहिलं होतं आणि खाली तिकिटाची तारीख होती. लिदियाबाईंना त्यातली तारीख तेवढी कळली.

गुरुवारी दुपारी तास संपल्यावर कल्पितानं नेत्रा मॅडमना हा प्रकार सांगितला. खरं तर थोड्या अभिमानानंच सांगितला, शिकलेलं पहिल्यांदा कोणाच्या उपयोगी पडलं म्हणून. मॅडम फळा पुसत होत्या. पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

"त्या बाईंना कळलंय, हे तुला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

कोणीच सांगितलं नव्हतं. रक्तगट, पेनिसिलिन, खातो का, सगळं एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि या वेळी ते मेसेज बाईंनी जसे लिहिले होते तसे तिनं वाचले. ती आई खरंच रक्त द्यायला निघाली होती. मॅडमनी तिला पाणी दिलं, त्या रागावल्या नाहीत, आणि ते तिला जास्त लागलं. तिनं तिथूनच फोन लावला. फोन बंद. लिदियाबाई विमानात बसल्या होत्या. तुमचा मुलगा शनिवारीच गेला, असा मेसेज तिनं लिहिला, आणि मग तो वाचणारी बाई तिला दिसली, कुठल्यातरी परक्या विमानतळावर, हातात पिशव्या, आजूबाजूला तिची भाषा कळणारं कोणी नाही. तिनं तो पुसून टाकला. संध्याकाळच्या एसटीनं ती घरी आली आणि रात्र तळमळत काढली.

तर अशी ती शुक्रवारी सकाळी मांडव्याला उभी होती. लिदियाबाई जवळ आल्या, त्यांनी पिशव्या खाली ठेवून कल्पिताला छातीशी धरलं आणि तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. तू माझ्या मुलासाठी केलंस ते मी विसरणार नाही, असं म्हणाल्या. कल्पिताला वाटलं जमीन फाटावी.

प्रणय गाडी घेऊन आला होता. बाई मागं बसल्या, शेजारी कल्पिता. जेट्टीवर, इतक्या गर्दीत, तिच्यानं सांगवलं नाही. अलिबाग तिथून पाऊण तासावर. म्हणजे सांगायला पाऊण तास होता, आणि त्यानंतर शवागाराचं दार. प्रणयनं आरशातून मागं बघत मराठीत बजावलं की आता काही बोलू नकोस, तिथं पोचल्यावर डॉक्टर बघतील, रस्त्यात बाईला काही झालं तर कोण निस्तरणार? लिदियाबाईंनी विचारलं, हा काय म्हणतो? रस्ता खराब आहे म्हणतो, असं कल्पिता बोलून गेली आणि तिला स्वतःची शिसारी आली. लिदियाबाई सांगू लागल्या. गावातल्या तीन देवळांत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, त्यांनी आर्त्योमच्या नावानं चाळीस दिवसांची प्रार्थना लावली होती. पोरगा लहानपणापासून दणकट आहे, उठेल. एवढं बोलून त्यांनी पिशवीतून औषधांचं पुडकं काढून मांडीवर घेतलं, दवाखान्यात गेल्या गेल्या देता यावं म्हणून.

चोंढीचा नाका मागं पडला. मरणाचं क्रियापद रशियनच्या पहिल्याच वर्षी शिकवतात, कारण थोरामोठ्यांच्या चरित्रात ते लागतं. अमुक साली जन्मला, अमुक साली मरण पावला. कल्पितानं ते वहीत शंभर वेळा लिहिलं असेल. आता ते तिला पहिल्यांदा कोणाच्या तोंडावर म्हणायचं होतं.

"लिदिया पेत्रोव्हना," ती म्हणाली, "आर्त्योम गेला. तो मरण पावला."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. हसू अजून चेहऱ्यावरच होतं, ते पुसायचं राहून गेलं होतं.

"आत्ता?"

"शनिवारी."

"माझा फोन आला, त्याच्या आधी की नंतर?"

"आधी," कल्पिता म्हणाली.

लिदियाबाईंनी प्रणयच्या खांद्यावर थाप मारून गाडी थांबवायला लावली. थळच्या अलीकडे एका वाडीच्या दगडी कुंपणाला टेकून त्या उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. बोटांवर दिवस मोजू लागल्या, शनिवार, रविवार, सोमवार. सोमवारी थांबल्या. मग कल्पिताकडे वळून इतक्या हळू बोलू लागल्या की तिला जवळ सरकावं लागलं. त्यांच्यात तिसऱ्या दिवशी मृतासाठी प्रार्थना असते. देवळात जिवंतांची नावं वेगळी वाचतात आणि मेलेल्यांची वेगळी. तिसऱ्या दिवशी, सोमवारी, त्या मुलाच्या प्रकृतीसाठी मेणबत्ती लावून उभ्या होत्या. आजही, या घटकेलाही, तीन देवळांत त्याचं नाव जिवंतांत वाचलं जात होतं. वर एकट्या गेलेल्या पोरासाठी जे मागायला हवं ते कोणीही मागितलं नव्हतं, त्याच्या जन्मदात्या आईनंसुद्धा.

कल्पिता हादरली. दिवस चुकणं म्हणजे काय ते तिला कोणी समजावून सांगायला नको होतं. दहाव्याचा दिवस कोणी आपल्याकडून असा हिरावून घेतला असता तर गावानं त्याला उभं केलं नसतं. ती आमच्याकडे, आमच्याकडे असं म्हणत रिवाज समजावू लागली, आणि मराठीत जे सगळं मायेचं होतं ते रशियनमध्ये आल्यावर तिच्याच कानांना धादांत खोटं वाटू लागलं. व्याकरण बरोबर होतं. लिदियाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तू मला सहा दिवस आशा लावलीस," त्या म्हणाल्या. "मी विमानात जेवले. मी झोपले. आता एक कर. इथून पुढे तुझं स्वतःचं काही घालू नकोस. ते जे बोलतील ते सगळं मला सांग. काही गाळू नकोस."

कल्पितानं तसा शब्द दिला.

दवाखान्यात पोलिसांनी ओळख पटवून घेतली. लिदियाबाईंनी मुलाच्या कपाळावरचे केस बाजूला केले, त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या. ते कल्पितानं मुद्दाम ऐकलं नाही. मग सह्यांसाठी त्यांना डॉक्टरांच्या खोलीत बसवलं. डॉक्टर तरुण होते, बोलताना टेबलावरचा कागद चाळवत होते. छातीला मार कसा लागला, काय प्रयत्न केले, ते त्यांनी सांगितलं आणि कल्पितानं जसंच्या तसं उतरवलं. मग ते मराठीत जरा खालच्या आवाजात म्हणाले की आणल्यावर तो दीड तास शुद्धीवर होता, वेदना फार होत्या, सारखा मामा, मामा म्हणत होता. आम्हाला वाटलं आपल्यासारखं मामाला बोलावतोय, नंतर कॅप्टननं सांगितलं की ते लोक आईला म्हणतात. हे मात्र त्यांना सांगू नका, झोपेतच गेला म्हणा.

लिदियाबाई कल्पिताच्या तोंडाकडे बघत होत्या. दाराशी हवालदार उभा होता, तोही बघत होता. कल्पितानं एकदा डोळे मिटले, आणि सांगितलं. दीड तास सांगितला, वेदना सांगितल्या, हाक सांगितली. डॉक्टरांनी हे न सांगायला सांगितलं आहे, तेही सांगितलं. लिदियाबाईंच्या तोंडून एक आवाज आला, माणसाचा वाटू नये असा, आणि त्या टेबलावर डोकं टेकून राहिल्या. भाषा न कळताही हवालदाराला काय झालं ते कळलं.

"दगडाची हायस काय गं?" तो म्हणाला. "आईला असं सांगत्यात व्हय?"

डॉक्टर उठून खिडकीशी गेले. शनिवारी तिनं आपल्या रिवाजानं वागून एका आईचा घात केला होता, आणि आज दिलेला शब्द पाळून दुसऱ्यांदा केला, असं तिला वाटलं. बऱ्याच वेळानं लिदियाबाईंचा हात टेबलावरून सरकत आला आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. सोडलं नाही.

बाहेर आवारात बदामाच्या झाडाखाली बाकावर त्या दोघी बसल्या. प्रणय कागदांच्या मागं धावत होता. शवपेटी, विमान, दूतावासाची चिठ्ठी, त्याचं सगळं चाललं होतं. नववा दिवस रविवारी येतो, तेवढा तरी चुकवायचा नाही, असं लिदियाबाई म्हणाल्या. मुंबईला कुठलं देऊळ चालेल ते कल्पितानं फोनवर शोधलं. तेवढ्यात लिदियाबाईंचा फोन वाजला. त्यांचे यजमान, निकोलाय. बाईंनी रुमालानं चेहरा पुसला, घसा साफ केला, आणि बोलू लागल्या.

पोचले, त्या म्हणाल्या. आर्त्योमला बघितलं. पडून आहे, अशक्त झालाय, बोलत नाही. डॉक्टर चांगले आहेत. इथं ऊन आहे. तू गोळ्या घेतल्यास का?

कल्पिताला आपण ऐकतोय यावर विश्वास बसेना. हीच बाई दोन तासांपूर्वी रस्त्यात दिवस मोजत उभी होती. हिनंच जिवंतांच्या यादीचं सांगितलं होतं. आवाजात थरथर नाही, अडखळणं नाही. लिदियाबाईंनी फोनवर हात दाबून धरला आणि तिच्याकडे वळल्या.

"ऑक्टोबरात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं," त्या भराभर म्हणाल्या. "घरात एकटा आहे. माझी बहीण उद्या सकाळी त्याच्याकडे पोचेल, मग ती त्याला जवळ बसून सांगेल. तोवर नाही. तो डॉक्टरांशी बोलायचं म्हणतोय. तू दुभाषी आहेस, तुझं ऐकेल. आशा आहे असं डॉक्टर म्हणतात, एवढंच सांग."

आपल्याकडे हेच, असं कल्पिताच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. फोन घेतला, आपण कोण ते सांगितलं, आणि डॉक्टर काय म्हणतात ते सांगायला लागली. पलीकडच्या माणसानं तिला मध्येच थांबवलं. आवाज म्हातारा होता, पण शांत होता.

"मुली, लिदा तुझ्याजवळ बसली आहे का?"

"दा," कल्पिता म्हणाली. हो.

"मग तू फक्त हो किंवा नाही म्हण, आणि चेहरा सांभाळ. पस्तीस वर्षांत ती माझ्याशी जेव्हा जेव्हा खोटं बोलली तेव्हा मला आधी गोळ्यांचं विचारलंय. आमचा आर्त्योम गेला का?"

लिदियाबाई तिच्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. बदामाचं एक पान त्यांच्या मांडीवर पडलं होतं, ते त्यांनी झटकलंही नव्हतं. कल्पितानं त्यांच्याकडे बघितलं, काही गाळू नकोस म्हणणाऱ्या आणि आशा आहे असं सांग म्हणणाऱ्या त्या एकाच बाईकडे, आणि चेहरा सांभाळला.

"दा," ती म्हणाली.

पलीकडे श्वास ऐकू येत राहिला, एकदा आत, एकदा बाहेर, मोजून घेतल्यासारखा. कल्पिता मनातल्या मनात त्या हृदयाची विनवणी करत होती. मग म्हातारा बोलला.

"तिला कळू देऊ नकोस की मला माहीत आहे. तिथं ती एकटी आहे. इथली काळजी तिला नको. तिचं तिथलं सगळं उरकू दे."

"दा," कल्पिता तिसऱ्यांदा म्हणाली, आणि फोन बंद झाला.

"काय विचारत होता?" लिदियाबाईंनी विचारलं.

"तुम्ही जेवलात का, ते."

लिदियाबाईंनी फोन तिच्या हातातून घेतला आणि पदरात घ्यावा तसा दोन्ही हातांत धरून ठेवला.

"त्याला काही कळलं नाही ना?"

"नाही," कल्पिता म्हणाली.

"बरं झालं," लिदियाबाई म्हणाल्या, आणि मग पहिल्यांदा, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून, मोकळ्या गळ्यानं रडू लागल्या.